धुळपाटीची लांब फेरी

हा एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जमतील तेवढे काढलेत. उरलेले माफ करा.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातल्या रडारडीपासून. माझी भाची साडेचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत. दर शुक्रवारी तिच्या दप्तरातून अभ्यास येतो: एक पान 'अ', एक पान 'आ', आणि १ ते ५० आकडे. सोमवारी वही परत. रविवारी संध्याकाळी ताई, भाची आणि ती वही अशी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसतात आणि तासाभरात त्यातल्या दोघी रडत असतात. एकदा वही सापडेना. सगळं घर शोधलं, शेवटी वॉशिंग मशीनमध्ये मळक्या कपड्यांच्या खाली निघाली. साडेचार वर्षांच्या पोरीने पुरावा नष्ट करायचा विचार केला होता!

त्या दिवशी ताई वैतागून मला म्हणाली, "तू एवढे इतिहासाचे एपिसोड करतोस, मग सांग ना, पूर्वी वह्याच नव्हत्या तेव्हा पोरांना लिहायला कसं शिकवायचे?"

मी इंजिनिअर माणूस. प्रश्न आला की आधी जुने लॉग उघडतो. तर हे त्या प्रश्नाचे लॉग.

पहिली गंमत अशी की उत्तर आपल्या बोलण्यातच पडून आहे. आपण म्हणतो अमक्याने तमक्याचा कित्ता गिरवला. नव्या माणसाला म्हणतो, अजून धुळाक्षरं गिरवतोय. कामाचा ओनामा केला म्हणतो, श्रीगणेशा केला म्हणतो. हे सगळे शब्द लहान मुलाच्या हाताला लिहिणं शिकवण्याच्या जुन्या पद्धतीतले आहेत. पद्धत गेली, शब्द राहिले. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन डिलीट झालं, पण त्याची नावं कोडभर विखुरलेली आहेत.

धुळपाटी म्हणजे लाकडाची साधी फळी. तिच्यावर बारीक माती किंवा वाळूचा पातळ थर पसरायचा. पंतोजी किंवा मोठा मुलगा बोटाने नाहीतर टोकदार काडीने एक अक्षर काढून देणार. त्या अक्षराची मातीत खाच पडते. मुलाने त्याच खाचेतून बोट फिरवायचं, पुन्हा पुन्हा, तोंडाने अक्षराचं नाव घेत. हेच गिरवणं. अक्षर बिघडलं किंवा थर विस्कटला की फळी हलवायची, पाटी कोरी. हात बसल्यावर मग बोरू, शाई आणि कागद. कागद महाग होता, त्यामुळे तो उशिरा मिळायचा. कागदावर वरच्या ओळीत गुरुजींचं वळणदार अक्षर असे, तो कित्ता, आणि खाली आपण. पुढे कारकुनीत जायचं तर मोडी, पोथी वाचायची तर बाळबोध.

ओनामा हा "ॐ नमः सिद्धम्" याचा मुलांच्या तोंडी झालेला अवतार. मुलं "ओ ना मा सी धं" अशी एकेक अक्षर सुटं करून घोकत. हे फार जुनं आहे. सातव्या शतकात इ-त्सिंग हा चिनी भिक्षू भारतात आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथली मुलं सहाव्या वर्षी 'सिद्ध'ने सुरू होणारा अक्षरांचा पाठ घेतात आणि सहा महिन्यांत संपवतात. सहाव्या वर्षी, मंडळी. ही ओळ मी ताईला दोनदा वाचून दाखवली.

आता इथे मला स्वतःलाच थांबवायला हवं. जुनं ते सोनं अशी गाडी पकडायचा मोह होतो, पण पंतोजींची शाळा म्हणजे काही गोकुळ नव्हतं. छडी होती, अंगठे धरून उभं करणं होतं, अर्थ न कळता केलेलं पाठांतर होतं. आणि त्या शाळेत कोण बसू शकत होतं? मुली जवळजवळ नाहीत. ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं ती मुलं तर नाहीतच. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आपल्याला माहीत आहे. धूळ फुकट होती, सगळीकडे होती. ती वापरायची परवानगी मात्र सगळ्यांना नव्हती.

माझी आजी आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती शाळेत गेली नाही, म्हणजे तिला पाठवलं नाही. सही करण्यापुरतं ती पन्नाशीत शिकली. पण तिची ठिपक्यांची रांगोळी बघा: एकवीस ठिपक्यांच्या ओळी, मोजपट्टीशिवाय, आणि चिमटीतून पडणारी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. लिहिण्यासाठी हाताला जे काही लागतं ते सगळं या बाईकडे होतं. फक्त अक्षर कुणी दिलं नाही. हे मी आधी कधी असं पाहिलं नव्हतं. या एपिसोडच्या तयारीत लक्षात आलं, आणि बरं नाही वाटलं.

असो. आता धुळपाटी जहाजात बसते.

१७८७ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासला आला. १७८९ पासून एग्मोरमधल्या एका अनाथाश्रमाच्या शाळेची देखरेख त्याच्याकडे आली. गोऱ्या शिपायांच्या मुलांसाठी ही शाळा होती. मुलं मुळाक्षरांवरच अडकलेली, शिक्षक कंटाळलेले. एके दिवशी सकाळी घोड्यावरून जाताना त्याला एक गावठी शाळा दिसली. तो तिला 'मलबार' शाळा म्हणतो, कारण तेव्हाचे इंग्रज तमिळ लोकांनाही सरसकट मलबारी म्हणायचे. तिथली मुलं जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरं काढत होती. बेल परत आला आणि त्याने आपल्या शिक्षकाला सांगितलं, उद्यापासून मुळाक्षरं अशी शिकवा.

शिक्षक म्हणाला, जमणार नाही.

ऑफिसात नवीन टूल आणलं की सीनिअर लोक जे म्हणतात तेच. बेलने मग सरळ आठेक वर्षांच्या एका मुलाला, जॉन फ्रिस्किनला, हे काम दिलं. तू शिकव. आणि त्याने शिकवलं! मग फ्रिस्किनच्या हाताखाली आणखी मुलं, असं करत मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची सबंध व्यवस्था उभी राहिली. ही कल्पनाही इथल्या शाळांना नवी नव्हतीच. बेलने १७९७ मध्ये लंडनला याची पुस्तिका छापली आणि ती 'मद्रास पद्धत' म्हणून गाजली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवत होता. त्यानेही अगदी लहान मुलांसाठी वाळूची बाकं ठेवली. श्रेय कुणाचं यावर पुढे दोघांची आणि त्यांच्या समर्थकांची जोरदार भांडणं झाली. त्या वाळूत बसलेल्या मद्रासच्या पोरांचं नाव त्या भांडणात कुणी घेतलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग पार्सल परत आलं. १८२० च्या दशकात, एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, मुंबई इलाख्यात नव्या मराठी शाळा निघू लागल्या. त्यांच्यासाठी मास्तर तयार केले ते लँकेस्टरच्या पद्धतीने. म्हणजे इथूनच गेलेली गोष्ट 'विलायती सुधारणा' असा शिक्का मारून आपल्याकडे उतरली. गेली तेव्हा धूळ होती. परत येऊन रुळली ती दगडाची पाटी आणि पेन्सिल.

पाटी मला आवडते. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती आम्हीही काढलीय. थुंकीने पाटी पुसणं हा आमच्या आईच्या पिढीचा राष्ट्रीय खेळ होता. पण धुळीकडून पाटीकडे येताना एक गोष्ट निसटली. धुळीत बोट थेट अक्षराला लागतं, खाच बोटाला रस्ता दाखवते. पाटीवर हातात पेन्सिल आली, आणि मुलाला एकदम दोन कामं लागली: पेन्सिल सांभाळ आणि आकारही आठव. पुढे वही आली तेव्हा पुसणंही गेलं. खोडरबर असतो, पण खोडलेलं दिसतं, कागद फाटतो, आणि वर लाल पेनाचा शेरा. धुळपाटीला अन्डू होतं. वहीत प्रत्येक चूक कायमची सेव्ह होते. आमच्या भाचीच्या रडण्याचं कारण मला तरी यात दिसतं.

ही दोन कामं वेगळी करायची अक्कल जगात इतरत्रही होती. रोमचा क्विंटिलियन पहिल्या शतकात सांगून गेलाय की मुलांना खेळायला हस्तिदंती अक्षरं द्या, आणि फळीवर अक्षरं कोरा म्हणजे त्या खाचांतून लेखणी फिरवताना हात भरकटणार नाही. वाळू नाही, पण खाच तीच.

त्याच रोममध्ये अठरा शतकांनी मारिया माँटेसरी येतात. मद्रास ते माँटेसरी अशी सरळ रेघ मी ओढत नाहीये, कृपया कमेंटमध्ये तसं लिहू नका. त्या डॉक्टर होत्या, आणि मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की बोटांना आकार आधी कळतो. ६ जानेवारी १९०७ ला सान लोरेंझो या गरीब वस्तीतल्या चाळीवजा इमारतीत त्यांनी बालगृह सुरू केलं. तिथे लिहायला शिकवायचं असं त्यांच्या मनातही नव्हतं, इतक्या लहान वयात ते नको असंच तेव्हा सगळे मानत. मागणी केली ती मुलांच्या आयांनी. त्यांतल्या बऱ्याच स्वतः निरक्षर होत्या.

मग माँटेसरीबाईंनी काम फोडलं. मला हे इतकं आवडलं की आमच्या टीमच्या मीटिंगमध्येही सांगून झालंय. लिहिणं हे एक काम नाही. हाताने पेन्सिल धरून हवी तिथे थांबवणं हे एक. त्यासाठी मुलं धातूच्या चौकटीतले गोल-चौकोन आखून आत रंगीत रेघा भरायची. अक्षराचा आकार हे दुसरं. त्यासाठी सुतार ज्याला पॉलिश पेपर म्हणतो तो खरखरीत कागद अक्षराच्या आकारात कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला. मूल त्यावरून बोटं फिरवतं आणि उच्चार करतं. बोट घसरून गुळगुळीत भागावर गेलं की चूक बोटालाच कळते, बाईंना सांगावी लागत नाही. तिसरं काम शब्द जुळवणं, ते कापलेल्या सुट्या अक्षरांनी, हातात पेन्सिल न घेता.

आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग. डिसेंबरातला उन्हाचा दिवस, मुलं गच्चीवर खेळतायत. बाईंनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू दिला आणि म्हटलं, हे धुराडं काढ बरं. त्याने फरशीवर धुराडं काढलं. बाईंनी कौतुक केलं. त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि ओरडला की मला लिहिता येतं! आणि खाली वाकून खरंच लिहिलं: हात. मग धुराडं, मग छप्पर. त्याआधी त्याने एकदाही 'लिहिलं' नव्हतं. बाकीची पोरं खडूसाठी मागे लागली आणि त्यांतली काहीजण लिहू लागली. माँटेसरी याला लेखनाचा स्फोट म्हणतात. त्यांच्या मुलांना वाचनाच्या आधी लिहिणं आलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

१९३९ च्या नोव्हेंबरात माँटेसरी भारतात आल्या. कुठे? मद्रासला, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत. बेलने वाळूतली अक्षरं पाहिली त्याच शहरात. महायुद्धात इटली उतरली आणि इंग्रजांच्या लेखी त्या शत्रुदेशाच्या नागरिक झाल्या, त्यामुळे काही महिन्यांचा मुक्काम काही वर्षांचा झाला.

पण मराठी घरांपर्यंत हा विचार त्याच्या कितीतरी आधी पोचला होता, तो ताराबाई मोडकांमुळे. मुंबईत १८९२ साली जन्मलेल्या ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मुंबईला परतल्यावर १९३६ मध्ये दादरला शिशुविहार निघालं. इथवर गोष्ट शहरी, शिकलेल्या घरांची आहे. ताराबाईंचं वेगळेपण मला पुढे दिसतं. १९४५ मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, त्या बोर्डीला गेल्या, डहाणूजवळ समुद्राकाठी. सोबत अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. काही वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये.

विचार करा, माँटेसरीचं साहित्य म्हणजे पॉलिश केलेल्या लाकडाचे ठोकळे, मोजून कापलेले आकार. ते महाग. पाड्यावर कुठून आणायचं? मग शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पानं, माती, दोरा. परिसरात पडलंय ते साहित्य. मूल शाळेत येत नाही? तर बालवाडी त्याच्या अंगणात जाईल. ती अंगणवाडी. मूल गुरं राखायला जातं? तर शाळा कुरणात भरेल, ती कुरणशाळा. १९७५ मध्ये केंद्र सरकारने बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. धुळपाटीला परवानगी लागायची म्हणालो ना मघाशी? ती परवानगी कोसबाडला लागत नव्हती. म्हणून या गोष्टीत माझ्या लेखी सगळ्यात मोठी माणसं या दोघी आहेत.

वारल्यांच्या घरात तांदळाच्या पिठाने भिंती रंगवणाऱ्या बायका होत्याच. म्हणजे तिथल्या मुलांच्या डोळ्यांसमोर हात, काडी आणि वळण हे सगळं आधीपासून होतं. आजीच्या रांगोळीसारखंच.

आता एक लहानशी तांत्रिक गोष्ट, नाहीतर मला झोप लागणार नाही. आपण 'अ'पासून का सुरू करतो? 'अ' हे हाताच्या दृष्टीने भयंकर अक्षर आहे: दोन पोटं, मधली आडवी रेघ, उभी रेघ, वर शिरोरेघ. उच्चाराच्या क्रमाने ते पहिलं, हाताच्या क्रमाने नव्हे. मराठी शिक्षकांनी यावर उपाय केव्हाच काढलाय: ग म भ न. चारही अक्षरांना उभा काना, आकार एकमेकांचे भाऊ. ग आला की म आणि न फार लांब नाहीत, आणि लगेच 'मन', 'गगन', 'नमन' असे शब्दही होतात. (मराठी टाइप करायच्या एका सॉफ्टवेअरचं नावही गमभन आहे. नाव ठेवणाऱ्याला माझा सलाम.)

तर ताईच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही घरात करून पाहिलं. स्टीलच्या परातीत बारीक रवा, बोटाच्या पेराएवढाही नाही, त्याहून पातळ. खाली गडद रंगाचा कागद ठेवला की रेघ उठून दिसते. पहिल्या आठवड्यात अक्षर नाहीच. नुसते डोंगर, लाटा, पाऊस, जिलब्या. मग ग. मी काढायचा, तिने खाचेतून बोट फिरवायचं, परात हलवायची. तो परात हलवायचा भाग तिला सगळ्यात जास्त आवडतो, खरं तर अक्षर ती त्यासाठीच काढते असं मला वाटतं. बाथरूमच्या टाइलवर ओल्या बोटाने न काढायचा आणि तो वाळायच्या आत दुसरा. पोळ्यांची कणीक मळून झाली की एक गोळा तिचा, त्याच्या वळ्या करून म. चिमटीत जोर यावा म्हणून मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढणं. ही कामं घरात होतीच, आम्हीच तिला "तू नको, पसारा होईल" म्हणून हाकलत होतो. दिवाळीत किल्ल्याची माती कालवायला तिला घेतलं तेव्हा ताईच्या कपाळावर आठ्या होत्या, पण एक तास पोर जागची हलली नाही.

रांगोळी आजीने ताब्यात घेतली. तीन बाय तीन ठिपके, मग चार बाय चार. भाचीची रेघ आधी सांडायची, गंगा-यमुना वाहायच्या. आजी काही बोलत नाही, फडक्याने पुसते आणि पुन्हा ठिपके देते. बालशिक्षणावरचं एकही पुस्तक तिने वाचलेलं नाही.

शाळेत ताई जाऊन बोलली. बाई चांगल्या आहेत, ऐकून घेतलं, पण म्हणाल्या की पानं भरलेली दिसली नाहीत तर बाकीचे पालक विचारतात. त्यामुळे पानं अजून येतात. आता आम्ही पानातली एक ओळ लिहून घेतो आणि बाकी कोरं पाठवतो. दोनदा लाल शेरा आला. तिसऱ्या वेळी आला नाही. का, ते विचारायला आम्ही गेलो नाही.

मागच्या रविवारी भाची परातीशी बसली होती आणि आजी शेजारी. भाचीने ग काढला, म काढला, मग आजीला म्हणाली, "पणजी, आता तू." आजीने पदराला हात पुसला आणि रव्यात हळूहळू आपलं पूर्ण नाव काढलं, शिरोरेघेसकट. बँकेच्या फॉर्मवरची तिची सही मी पाहिलीय, ती थरथरते. ही थरथरत नव्हती. मी मोबाइल काढेपर्यंत भाचीने परात हलवली होती.

रव्याला मुंग्या लागतात, हे मात्र आधी सांगायला हवं होतं. डब्यात दोन-तीन लवंगा टाका, आणि आठवड्याने बदला.